फिटर, हंगामी

खाण कंपनीच्या जुन्या हजेरीपटात
बोस्त्यांव रुझार कुलासो
एकूण साडेचार महिने आहे.
हुद्दा : फिटर, हंगामी.
पगार : नव्वद रुपये.
सामना भत्ता : पाच रुपये, गुणिले नऊ.
अक्षर माझ्या वडिलांचं.

पान्याला त्यानं हात लावला नाही.
सकाळी सही करायची, सही म्हणजे
एक मोठा बी आणि पुढे घसरत गेलेली रेघ,
आणि पंपहाऊसमागच्या तांबड्या मैदानात
दुपारचा भोंगा होईस्तोवर धावायचं.
फुटबॉलचे पैसे मिळतात हे सावर्ड्यात तेव्हा नवीनच.
त्याची आई म्हणे पाद्रीला विचारून आली,
खेळण्याचा पगार घेतला तर पाप लागतं का.
पाद्रीनं विचारलं, कुठल्या जागी खेळतो?

राईट हाफ.
म्हणजे पुढच्यांच्या मागे, मागच्यांच्या पुढे.
झालेला गोल दुसऱ्याचा,
चुकलेला तिसऱ्याचा.
वडील सांगत, त्याला बघायचं तर
चेंडूकडे बघणं सोडावं लागायचं.
चेंडू जिथे येणार तिथे हा आधीच उभा,
कमरेवर हात,
उधारी वसूल करायला आल्यासारखा.

पेपरात नाव दोनदा आलं.
एकदा कोलासो, एकदा गोन्साल्विस.

मग एप्रिलात तपासनीस आला, दिल्लीकडचा, छत्रीवाला.
म्हणाला, पटावरचे सगळे फिटर
पंपापाशी उभे करा.
बोस्त्यांवच्या हातात पाना दिला,
म्हणाला, व्हॉल्व्ह खोल.
यानं पाना उलटा धरला, सुलटा धरला,
आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला,
पंप चेंडू टाकील म्हणून वाट बघत.

हजेरीपटात पुढे तांबडी शाई :
नाव कमी केले.

त्याच जूनमध्ये तो बोटीवर गेला.
तेलवाहू जहाजं, बसरा, आबादान, मग कुवेत,
सत्तावीस वर्षं, फिटर.
खोटं लिहिलेलं
इतक्या सावकाश खरं होत गेलं
की कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या मार्चात आमच्या विहिरीची मोटर बसली
तेव्हा शेळवणहून तोच आला, सायकलवर, हत्यारांची पिशवी घेऊन.
गुडघे वाजत होते. कानाला लावून
त्यानं पाइप ऐकला, वैद्यानं छाती ऐकावी तसा.
दोन बोल्ट काढले, एक परत लावला.
मी चहा दिला. हजेरीपट दाखवला.
म्हटलं, बघा, नऊ सामने.

बोट ठेवून त्यानं ओळ वाचली,
चष्मा वर केला, परत वाचली.
न्हय रे, म्हणाला, आठ.
पणजीला मी बाहेर बसलेलो, टॉवेल घेऊन.

मग बराच वेळ
वडिलांनी काढलेल्या त्या नऊच्या शेपटीकडे
आम्ही दोघं बघत राहिलो.
पाच रुपये तेव्हा काही कमी नव्हते.

मोटर सुरू झाली.
त्यानं मजुरी घेतली, मोजून,
आणि एक नोट परत केली.