चार्ज

ही इन्क्युबेटरची किल्ली, ऋजुता. दार जरा उचलून लाव,
नाहीतर रात्रीतून सदतीसचे बत्तीस होतात.
हा ऑटोक्लेव्ह. शिट्टी कुकरसारखीच वाजते,
पण शिट्ट्या मोजायच्या नाहीत, काटा बघायचा.
हे रजिस्टर. हा लूप माझा,
मूठ वाकडी झालीय, माझ्या हाताला बसलेली.
तू नवा माग. तिवारीजी देणार नाहीत. तरी माग.

आणि फ्रीजच्या दुसऱ्या कप्प्यात, निळ्या बुचाच्या नळीत,
तिरक्या आगरवर सायीसारखी रेघ दिसते ना,
तो.
नाव लांबलचक, त्यामागे पाच आकडी नंबर.
आम्ही त्याला सोमवार म्हणतो.

वॉर्डातून येतात ते सगळे काहीतरी शिकून आलेले असतात.
कुणी औषध फोडायला, कुणी ओकून टाकायला.
एकाला तर पिकल्या द्राक्षांचा वास येतो
आणि तो कशालाच दाद देत नाही.
हा काहीही शिकलेला नाही.
एकोणीस वर्षं मी त्याला जपला तो एवढ्यासाठीच.
थकला की खोल फ्रीजरमधल्या त्याच्याच भावाला उठवायचं,
दर सोमवारी प्लेटभर हिरवळीसारखा पसरायचा,
वर चकत्या ठेवायच्या,
आणि मंगळवारी सकाळी तो मेलेला असला पाहिजे,
ठरल्या मिलिमीटरपर्यंत.

एकदा ट्रान्सफॉर्मर जळाला, दोन दिवस अंधार.
थर्मासात बर्फ घालून लूनावरून घरी नेला, सुदामानगरला.
विरजणाच्या वाटीमागे ठेवला.
कुमुदिनीने आठ दिवस दह्याला हात लावला नाही.
म्हटलं, अगं, तूही हेच करतेस,
कालच्यातलं चमचाभर उद्यासाठी.
म्हणाली, माझ्या चमच्यावर कुणाचा रिपोर्ट जात नाही.

ती सहज म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

त्या वर्षी रंगपंचमी सोमवारी आली.
राजवाड्याकडे गेर, रस्ते बंद,
रामरतन नखशिखान्त गुलाबी होऊन भिंतीला टेकलेला.
मी एकटा. वाटलं, एक सोमवार राहिला तर काय बिघडतंय.
चकत्यांची बाटली नवी होती.
बूच कुणी सैल ठेवलं, कधी, देव जाणे.
फ्रीजची ओल पिऊन औषध आतल्या आत गेलं होतं
आणि वर छापील अक्षरं तशीच कोरी करकरीत.
आठवड्यात सहा रिपोर्ट वर गेले.
सेफ्ट्रायॅक्सोनपुढे सहाही वेळा 'आर'.
माझं अक्षर. ठळक.

पुढच्या खेपेला पट्टी लावली
तर एकतीसच्या जागी अठरा.
पहिला विचार आला तो असा: हाही शिकला.
घरातला मुलगा वाईट संगतीत दिसावा तसा पोटात गोळा आला.
मग दुसरी बाटली फोडली, पुन्हा पसरला.
एकतीस.
तो होता तसाच होता.

नमुना अकराशे बेचाळीस, सात वर्षांची मुलगी.
बापाने स्कूटर विकून दवा बाजारातून
महागाचं इंजेक्शन आणलं, दिवसाला तीन.
साध्याने भागलं असतं.
मुलगी बरी झाली. बाप पोहे-जिलेबी घेऊन आला,
खिडकीतून आत वाकून म्हणाला, भिया, आपने बचा ली.
मी जिलेबी खाल्ली.
दोन खाल्ल्या.

ती ओळ रजिस्टरात आहे, मार्चच्या पानावर.
खोडलेली नाही. 'आर'च्या डोक्यावर
लाल शाईचा बारीक 'एस' आहे, नंतरचा.
वर कळवलं नाही. आजपर्यंत कुणी विचारलं नाही.
चार्जच्या यादीत ते बसत नव्हतं,
म्हणून तोंडी सांगतोय.

बरं. बत्ती लाव.
लूप लाल होऊ दे, मग थांब. फुंकर नको.
गरम लूपने मारलास तर ते मरण आपल्या कामाचं नाही.
मनात दहा मोज.
झाले?
आता बूच करंगळीत धर, तोंड ज्योतीवरून फिरव,
आणि उचल.
एवढा नको. थोडासाच.