बसणं

पांतानालच्या बोलीत कमरेला आणि खुर्चीला
एकच शब्द: कादेरा.
म्हणून या आजाराचं नावही असं घरगुती,
जणू कुणी लांबून चालत आलंय
आणि बसायला मागतंय.

जानेवारीत पाणी चढलं.
कारांदा ताडांखाली कोरडी पट्टी उरली एक.
तिच्यावर आले सगळे: चौतीस घोडे, तीन कुत्रे,
ओल्या पोत्यांसारखी कॅपिबारांची जत्था,
शेपट्या उभारलेले क्वाती.
भांडण कुणाचंच नव्हतं.
घोडमाशी एकाचं रक्त अर्धं पिऊन,
शेपटीचा फटका चुकवून,
उरलेली तहान शेजारच्या मानेवर भागवत होती.

कॅपिबारांना काही झालं नाही.
त्यांच्या रक्तात तो भाडेकरू निमूट राहतो.

आनाक्लेतोच्या घोड्याचं नाव काशिंबो, म्हणजे चिलीम.
कुत्रीचं फुमासा, म्हणजे धूर.
एकीशिवाय दुसरा कुठे दिसायचाच नाही.
आधी काशिंबोची मागची पावलं एकमेकांत अडकू लागली,
रात्रभर प्यायल्यासारखी.
मग फुमासाच्या डोळ्यांवर साय आली.

अकराव्या दिवशी डॉक्टरीण इराइदेस होडीतून आली,
बिअरच्या क्रेटवर सूक्ष्मदर्शक मांडला.
काचेवर काशिंबोचा एक थेंब.
आनाक्लेतोनं एक डोळा मिटून पाहिलं,
तांबड्या पेशींना ढकलत काहीतरी वळवळत होतं.
"माशांची पिल्लं," तो म्हणाला, "पूर आत शिरलाय."

औषधाची एकच बाटली वाटेत फुटायची राहिली होती.
घोड्याला जेमतेम पुरेल,
नाहीतर कुत्रीला, आणि बरंच उरेल.
तो काशिंबोजवळ गेला. मान थोपटली, उठ म्हणाला.
पुढचे दोन पाय उठले.
मागचं धड चिखलातच, कुत्र्यासारखं बसलेलं.
घोड्यानं इतकं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सुई फुमासाला टोचली.
गोळीचा आवाज पाण्यावरून फार लांब गेला, परतलाच नाही.

मालकाच्या वहीत कारणाचा रकाना असतो.
आनाक्लेतोला अक्षरं थोडीच येतात.
त्यानं लिहिलं: बसला.
मी म्हटलं, आजाराचं नाव लिही.
तो म्हणाला, आधी माशी बसली, मग घोडा.
यात कुठलं चुकलं?

आता पाणी ओसरलंय.
फुमासाचा एक डोळा उघडलाय, दुसरा दुधीच.
त्या बाजूनं माशी आली
की ती मान वळवून हवेतच चावते,
बहुतेक वेळा नुसती हवा.