उद्या: दोनशे चौदा निकाल

आई रुमालाला गाठ मारायची.
मिठाची एक, टपालाची एक,
आणि संध्याकाळी खिडकीशी बसून
तिसरी गाठ कशाची होती बरं, म्हणून
स्वतःवरच हसायची.

मी गाठी मारत नाही.
माझ्याकडे टॅबलेट आहे, शाळेने दिलेला,
कोपऱ्यात तडा गेलेला, तो रौनोच्या चेंडूने.
त्यात अठ्ठावीस वह्या, एकीवर एक,
जागा मात्र एकीचीही व्यापत नाहीत.
सातवी: पेशी. आठवी: वनस्पती.
नववी: आनुवंशिकता, जिथे दर वर्षी कुणीतरी विचारतंच,
आणि बाबांचे डोळे निळे नसतील तर?
त्या पानाला लाल खूण केली आहे:
'हळू जा.'

मुख्याध्यापक उर्मास म्हणतात, हेल्वे,
तुझ्या वह्या बघितल्या की मला माझ्या कपाटाची लाज वाटते.
त्यांच्या कपाटात पंधरा वर्षांचे कागद,
मासेमारीचा एक गळ
आणि कुणाचा तरी डावा मोजा.
मी हसते. मला ठाऊक आहे,
नीटनेटकेपणा म्हणजे
पसारा कुठे ठेवलाय ते न दिसणं.

जानेवारीत हियूमाभोवतीचा समुद्र गोठला,
फेरीबोट दोन तास उशिरा.
धक्क्यावर गाडीत बसून
जुन्या टिपा आवरायला घेतल्या.
शोधायचं होतं 'उद्यान',
वनस्पती-उद्यानाच्या सहलीची यादी हवी होती.
गारठलेलं बोट शेवटच्या अक्षराआधीच
थांबलं.
यंत्राला काय,
त्याने 'उद्या' शोधलं.
दोनशे चौदा निकाल.

उद्या सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसणे.
उद्या काइसाच्या आजीला फोन.
उद्या बेडूक. (कशाला, आठवत नाही.)
उद्या मेरिलिनला सांगणे, तिचंच उत्तर बरोबर होतं.
उद्या, कालचं उरलेलं.

बहुतेक चौकटींत बरोबरची खूण होती.
अगदीच काही वाईट नाही मी.
पण अकरा वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरातली एक
रिकामी:
'तार्वो. तीन दिवस मोठ्या माणसाचे बूट घालून येतोय.
पाय फरफटतात. उद्या विचारणे.'

उद्या म्हणजे गुरुवार. मी तपासलं.
गुरुवारच्या पानावर
प्रकाशसंश्लेषणाची सुरेख आकृती आहे,
तीन रंगांत, बाणांसकट.
त्या वर्षी शेजारच्या दोन शाळांनीही ती मागून नेली.
तार्वो तिच्यात कुठे नाही.

यंत्र काही विसरत नाही म्हणतात.
खरंच आहे.
माझं विसरणंसुद्धा त्याने
तारीख-वारासकट जपून ठेवलं.

बोट लागली. गाड्या आत घेणारा,
नारिंगी कोटातला,
या, या, अजून, बस, असं हाताने खुणावणारा
तार्वोच होता. गेली चार वर्षं तोच असतो.
मी काच खाली केली.
वारा आत आला, डिझेलचा वास आत आला.
म्हटलं, तार्वो, आठवीत असताना
तू ते मोठाले बूट का घालायचास रे?

मागच्या ट्रकने भोंगा वाजवला.
तो थोडा वाकला. बाबांचे, म्हणाला.
ते फिनलंडला गेले होते, बांधकामावर. बूट इथेच राहिले.
कुणीतरी घालायला हवे होते ना,
नाहीतर आईने ते कुणाला देऊन टाकले असते.

आणि मग: हँडब्रेक ओढा, बाई.

बर्फ करकरत होता बोटीखाली.
मांडीवर ती टीप उघडीच.
चौकटीवर बोट नेलं, टेकवलं नाही.
खाली एक ओळ लिहिली,
'बाबा परत आले का, हे विचारायचं राहिलं.'

आठवण कधी करू, यंत्राने विचारलं.
पर्याय नेहमीचेच होते,
त्यातला पहिला तर माझ्या बोटाला पाठच.

टॅबलेट सीटवर पालथा ठेवला,
टोपी कानांवर ओढली
आणि लोखंडी जिना चढून वर गेले.
तो तिथे दोर गुंडाळत होता.