शेऱ्याचा रकाना

सदर बझारातल्या त्या बराकींत
सकाळी सातला, संध्याकाळी सहाला
मी हजेरी घ्यायचो.
नाव, वय, मुलूख,
आणि चौथ्या रकान्यात सगळ्यांपुढं एकच शब्द: शत्रू.
तो छापूनच आला होता. मी फक्त खूण करायची.

इलिये मुंत्यानू. मुलूख रुमानिया.
मी मुंत्या म्हणायचो, तो ओ द्यायचा.
आसामात तेलाच्या विहिरी खणायला आलेला गडी;
तिकडं त्याच्या सरकारानं जर्मनाशी सोयरीक केली
आणि इकडं ह्याच्या हातातला पाना काढून घेतला.

सहा महिने आम्ही बोललो नाही.
मग एकदा धोब्याच्या ओट्यावर त्यानं सदरा काढून
बरगडीखालची खूण दाखवली.
सतरा साल. त्यांच्याकडं म्हणे श्रावणात ऊन असतं.
मरशेश्त गावापाशी तापलेले कोट फेकून
त्यांची पलटण नुसत्या पांढऱ्या सदऱ्यांत
जर्मनाच्या अंगावर गेली.
"पांढऱ्यावर रक्त लांबनं दिसतं," तो म्हणाला,
"पण गोळ्यांपेक्षा माणसं उवांनी मारली."

उवा मला ठाऊक.
मी कुतच्या वेढ्यात होतो,
घोड्याच्या मटणाला शिवलो नाही
म्हणून दात हलायला लागलेले.
मग तुर्कानं वाळवंटातनं चालवत नेलं.
अडीच वर्षं मीही कुणाच्या तरी वहीत होतो.

म्हणजे त्या साली आम्ही दोघं एकाच बाजूला!
हे कळायला पंचवीस वर्षं गेली,
आणि तोवर वही माझ्या हातात होती.

बेचाळीसच्या थंडीत
त्याच्या धाकट्या भावाची तोफ डोन नदीच्या वळणावर.
त्यानं काठीनं मातीत वळण काढलं,
मला वाटलं माहुलीची कृष्णा काढतोय.
"तोफ घोडी ओढतात," तो म्हणाला,
"आणि गोळा रणगाड्यावरनं गारेसारखा उडतो."
पंधरा दिवसांच्या शिळ्या पेपरात आलं:
ते वळण गेलं.
त्यानं पायानं माती सारखी केली.

पुढच्या मार्गशीर्षात आमच्या अपशिंग्यात तार आली.
पुतण्या हिंदुराव. इटलीत, सांग्रो नावाच्या पाण्यात.
समोर जर्मन. म्हणजे मुंत्याचे दोस्त.
तिसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली,
त्याच्या नावापाशी थांबलो नाही.

संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या दारात,
पास नसताना,
हातात पितळी, वर पळसाचं पान.
मक्याच्या कण्या, घट्ट शिजवलेल्या;
मामालिगा की कायसं म्हणाला.
"तुमच्यात कडू घास आणतात ना?"
धोब्यानं सांगितलं असणार.
मी खाल्ला.
मीठ जरा जास्त होतं.
वहीत नोंद केली नाही.

चव्वेचाळीसला, गौरी आल्या त्या दिवशी
पुण्याहून हुकूम: रुमानियानं तोंड फिरवलं.
तीच पलटण, तीच घोडी,
तीच अर्धपोटी पोरं,
परवापर्यंत ज्यांच्या खांद्याला खांदा
आता त्यांच्याच मागं लागलेली.
मी लाल शाईनं 'शत्रू' खोडला.
वर काय लिहायचं ते कुणी कळवलं नव्हतं.

सोडायचा कागदही आला नाही,
म्हणून दोस्त झालेला मुंत्या
सकाळी सातला, संध्याकाळी सहाला
येऊन उभा राहायचाच.
एकदा कंटाळून त्यानं वही माझ्या हातातनं घेतली
आणि अडखळत वाचलं:
"निकम, बयाजी."
मी टाचा जुळवल्या. का, ते सांगता येत नाही.
"हजर," म्हणालो.

शेचाळीसला तो मुंबईच्या गाडीत बसला.
भावाचं त्याला एवढंच कळलं होतं, की तो नाही.
डोनवर गेला, का नंतर पलीकडच्या डोंगरांत,
जर्मनाबरोबर का जर्मनावर चालून जाताना,
ते कुठल्याच कागदात नव्हतं.
"शेरा काय लिहायचा?" त्यानं खिडकीतनं विचारलं.

गाडी हलली.
मी नुसताच हात वर धरला,
हजेरीत धरतात तसा.