ठिगळं

पहिल्या वर्षी सगळ्यांना एकाच दिवशी मिळाला
ढगळ बॉयलर सूट, आमच्या विभागाचा जांभळा,
पाठीवर एका नट-बोल्टच्या दुकानाची जाहिरात,
कारण निम्मे पैसे त्यांनी भरले होते.
ओउलूच्या बर्फात दोनशे जांभळी माणसं.
त्यांतली मी कोणती, ते फोटोत
आईलाही सांगता येईना.

मग सुई घेतली.
पहिलं ठिगळ बेडकाचं, सौनातली बादली डोक्यावर घेतलेल्या.
दुसरं, उणे अठ्ठावीसमध्ये नदीकाठी वाटाण्याचं सूप प्यायले त्याचं.
तिसरं कुठलं ते आठवत नाही,
ती रात्रच फारशी आठवत नाही.
नियम असा, की चिकटवायचं नाही. हातानं शिवायचं.
माझे टाके वाकडे.
हिल्ला म्हणते, तुझं अक्षरही असंच आहे,
म्हणजे लांबून ओळखू येशील.

नियम असाही, की सूट धुवायचा नाही.
धुवायचाच तर आत आपण असायला हवं.
मे महिन्यात मारली उडी,
पाण्यात बर्फाचे चुकार तुकडे होते अजून.
वर आले तेव्हा सूट थोडा फिका झाला होता
आणि ओठ जांभळे.

ईलिस आणि मी डावे पाय बदलले.
म्हणजे गुडघ्याखालचे, कापडाचे.
त्याचा पिवळा मला, माझा जांभळा त्याला.
कात्री हिल्लानं चालवली, आम्ही नुसते हसत होतो.
जानेवारीत बोलणं बंद झालं.
पाय परत मागायचा का, याला मात्र नियम नाही.
कॅन्टीनच्या रांगेत दिसतो कधी,
चार माणसं पुढे,
माझी जांभळी पोटरी घेऊन उभा.

एप्रिलच्या शेवटी बाबा आले, तीन तास गाडी चालवत.
योउको. एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत, निळ्या बॉयलर सूटमध्ये.
तो सूट घरात कधी आला नाही.
बाहेर खिळ्याला टांगून
बाबा तेवढे आत यायचे.
गिरणी बंद झाली तरी खिळा रिकामा झाला नाही.

दारात मला बघून थबकले.
"कामावर निघालीस?"
पार्टीला, म्हटलं.
चष्मा पुसून पुन्हा घातला,
मांडीवरच्या बेडकावर बोट ठेवलं.
"इथं फाटलं होतं?"
नाही.
"आणि हे, इथं?"
नाही बाबा. कुठंच फाटलं नव्हतं.
त्यांनी मान हलवली,
यंत्राचा काटा बघून झाल्यावर हलवत असतील तशी.

मी भराभर सांगत सुटले: रंगांचं, उडीचं,
ईलिसच्या पायाचं (भांडण वगळून).
सांगता सांगता लाज वाटायला लागली,
कशाची ते नीट कळेना.
सूपाचं ठिगळ एका कोपऱ्यात उसवलं होतं.
बाबांनी सुई मागितली,
कॉफी गार होऊ दिली
आणि आठ टाके घातले, मोजून, सरळ.
माझ्या सूटवर सरळ रेघ तेवढी एकच आहे.

जूनमध्ये पार्सल आलं.
आत निळा उजवा पाय, गुडघ्याखालचा,
कापलाही पट्टी लावून.
सोबत चिठ्ठी, पेन्सिलीनं:
"धुतला आहे. नियम नंतर आठवला."

पोटरीवर ठिणग्यांनी पडलेली तीन भोकं.
त्यांतून काहीतरी लाल डोकावत होतं, म्हणून पाय उलटा केला.
आतल्या बाजूनं शिवलेला
आमच्या स्वयंपाकघरातला जुना पडदा,
तांबड्या लिंगनबेरींचा,
फोरमनला दिसणार नाही असा.

एकतीस वर्षं.

शिवायला घेतलाय.
आतली बाजू बाहेर ठेवू का, फोनवर विचारलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, तिकडे ऊन पडलंय का?