मोरीजवळ

धुळ्याहून आणलेलं मशीन
बापूंच्या उजव्या कानात बसून आठ दिवस झाले.
आठ दिवस ते दचकतायत
कुकरला, चपलेला, स्वतःच्याच खोकल्याला.
परवा पेपरचं पान उलटलं आणि म्हणाले,
"एवढं वाजस हाई?"

चौतीस वर्षं दोंडाईच्याच्या जिनात.
सरकी एकीकडे, रुई एकीकडे,
आणि कान
तिथेच कुठेतरी, गाठींमध्ये दाबून गेलेले.

आश्रमशाळा सोमवारी उघडते.
म्हटलं, चला चार दिवस, माझी खोली तरी बघा.
शहाद्यात पेट्रोल टाकलं, केळी घेतली,
आणि मोपेड धडगावच्या घाटाला लागली.

भादवा सरत आलेला.
सागाचा मोहोर रस्त्यावर सांडलेला, मळकट पांढरा,
अंजनाची पानं जोडीजोडीनं हलणारी.
तिसऱ्या वळणानंतर एक मोरी आहे.
तिच्या कठड्यावर कुणीतरी चुन्यानं बाण काढलाय,
कशाकडे, ते लिहिलेलं नाही.
तिथे पाणी पडतं.

धबधबा म्हणायला जीभ अडखळते.
दोन पुरुष उंच असेल.
पाटीवर नाव नाही, खाली डोह नाही,
पाणी पडतं, मोरीत शिरतं,
रस्त्याखालून जाऊन पलीकडच्या दरीत उतरतं.
एसटीतून दर आठवड्याला मी ते खिडकीच्या गजांमधून
चार सेकंद पाहिलेलं.

बापू उतरले. दोन पावलं गेले.
मग कानातलं मशीन काढलं,
रुमालात गुंडाळलं, तंबाखूच्या डबीत ठेवलं,
डबी खिशात, खिशाला बटण.
तुषार उडतायत म्हणून,
असं मला वाटलं.

खडकाला त्यांनी तळहात लावला.
बोटं नाही, अख्खा तळहात,
जसा बेअरिंगच्या घरावर लावायचे,
रात्रपाळीला, पट्टा चालू असताना.
डोळे मिटले.
मी केळी हातात धरून उभी.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"पंधरा दिन चाली. मंग बंद पडी."

वरून शेळ्या आल्या, त्यांच्यामागे एक पोर,
दहाएक वर्षांची, केसांत लाल रबर.
तिनं सागाचं पान तोडलं, मधोमध दुमडलं,
खडकाच्या फटीत खोचलं,
आणि भिंतीवरून पसरत येणारं ते सगळं पाणी
एका धारेत येऊन
तिच्या बाटलीच्या तोंडात पडू लागलं.
बाहेर थेंब नाही.

बापू वाकून बघत राहिले.
नवा फिटर कामावर आला की बघायचे तसे,
आधी संशयानं.
"नाव काय तुनं?"
तिला अहिराणी कळली नसावी.
ती पावरीत काहीतरी म्हणाली,
ते बापूंना ऐकू जाणं शक्य नव्हतं.
दोघांनी मान हलवली.
मी विचारलं तेव्हा म्हणाली, बोखी.
जाताना पान तिथेच ठेवून गेली.
"फिटिंग बराबर शे पोरनी," बापू म्हणाले,
आणि त्या पानाखाली ओंजळ धरली.

निघालो. डबी खिशातच.
घाटात वारा होता, मागे बापू होते,
आणि त्यांच्या कानात काही नव्हतं.
म्हणून मी बोलले.
म्हटलं, बापू, बदलीचा अर्ज मागे घेतला मी.
जूनमध्येच घेतला.
दोंडाईच्याला नाही येणार.
इथे पाचवीत सव्वीस मुली आहेत, त्यातल्या
आणि मग काय सांगायचं होतं ते आठवेना,
तर म्हटलं, मला इथे झोप लागते.

पाठीवर हात टेकला.
मला वाटलं खड्डा आला, धरलं असेल.
पण खड्डा गेला, वळण गेलं,
तळहात तिथेच,
अख्खा,
दोन्ही खांद्यांच्या मधोमध.

खूप खालचं गाव दिसायला लागलं तेव्हा
ते माझ्या कानाशी ओरडले,
कमी ऐकू येणारी माणसं ओरडतात तसे:
"मागलं चाक वाजी राहिनं!
धडगावले दखाडी ले!"