भाग तिसरा : काँक्रीट

चार रात्री, चार भाग. नऊ वाजता.
ग्युमरीत डिसेंबरातले नऊ म्हणजे मध्यरात्रच,
गल्लीत कुत्रंही नसतं.
या वर्षी मात्र खिडक्याखिडक्यांतला निळसर उजेड
एकाच क्षणी बदलायचा,
सगळी गल्ली एकदम पापणी लववते आहे असं वाटायचं.

पहिल्या रात्री नकाशा.
एक भूपट्ट दुसऱ्याला रेटतोय,
बाणबिण काढून, शाळेत शिकवतात तसं.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?
बाणावर कुणाला रागावता येत नाही.

दुसऱ्या रात्री क्रेन,
चौकात रचलेल्या शवपेट्या, लाकूड इतकं ताजं
की फळ्यांतून डिंक ओघळत होता.
शेजारची झारुही आमच्याकडेच बसली होती, ती ताडकन उठली.
"ती बघा, ती मी! पुरुषाची टोपी घातलेली."
चार सेकंद.
दर डिसेंबरात, दर कार्यक्रमात तेच चार सेकंद,
ती डावीकडून येते आणि उजवीकडे नाहीशी होते.
टोपी कुणाची होती, ते तिला
एकाही निवेदकानं विचारलेलं नाही.
आम्ही तरी कुठे विचारलंय?

तिसऱ्या रात्री एक प्राध्यापक आले,
हातात पडलेल्या भिंतीचा तुकडा.
अंगठा आणि दोन बोटं, फारसा जोर नाही,
शिळ्या केकचा व्हावा तसा त्याचा भुगा झाला,
टेबलावर, त्यांच्या बाहीवर.
"यातलं सिमेंट कुठे गेलं?"
त्यांनी कॅमेऱ्याला विचारलं.
कॅमेऱ्याच्या अलीकडे आम्ही होतो.
आमच्यात बाबा होते.

वाराझ्दात, वय वर्षं एक्याऐंशी,
काँक्रीटच्या कारखान्यात वजनकाट्यावर कारकून, अकरा वर्षं.
मांडीवर पाटा घेऊन अक्रोड फोडत होते.
हातोडी वर गेली ती वरच राहिली.
पडद्यावर कुण्या नटाचा हात
एका पांढऱ्या चिठ्ठीवर सही करत होता,
सावकाश, वळणदार.
निवेदिका म्हणाली, देशाला हे समजलं पाहिजे.
देश मोठा आहे. समजेल त्याला हळूहळू.
आमची खोली पाच पावलांची.

हाइकाझ चौथीत होता.
त्याच्या शाळेची भिंत कुठल्या ट्रकमधून आली
ते मी बाबांना कधी विचारलं नाही.
मी तेव्हा तेरा वर्षांची, ताप आला म्हणून घरी,
आणि पुढे तेरा वर्षांची राहिले नाही, तरीही नाही विचारलं.
त्या रात्री त्यांनी आपणहून, अक्रोडांकडे बघत सांगितलं,
"चिठ्ठीवर ट्रकचा नंबर असायचा.
कुठे चाललाय ते लिहायला रकानाच नव्हता."
मग टरफलं गोळा केली, एकूण एक,
सतरंजीच्या दशांतलीसुद्धा.

मी चिडले असते तर सोपं झालं असतं.
मी स्टोव्हमध्ये लाकूड सारलं.

चौथ्या रात्री साडेआठलाच ते खुर्चीत,
टाय लावून, दाढी करून,
हनुवटीवर कापल्याची बारीक रेघ.
जणू आज त्यांचंच नाव पुकारणार होते.
नव्या वसाहती, गाणारी मुलं, एक पूल,
कुणीच काही विचारलं नाही.
अगदी शेवटी, नावं भराभर वर सरकू लागली तेव्हा
खाली एक फोन नंबर आला :
कुणाकडे जुने कागद असतील, काही सांगायचं असेल तर.

"निळ्या," बाबा म्हणाले.
"काय?"
"चिठ्ठ्या. पांढऱ्या नव्हत्या, निळ्या होत्या.
त्यांना कळव."

मी अक्रोडांच्या पिशवीवर नंबर लिहायला घेतला,
पण शेवटचा आकडा एक होता की सात, ते हुकलं
आणि दूध पावडरची जाहिरात लागली.
भिंतीवर थाप मारून झारुहीला हाक दिली.
पलीकडून लगेच उत्तर आलं : सात.
तिनंही लिहून घेतला होता.